रयतेच्या हाती दप्तर

(भंडारा येथील शरद ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



धर्म, साहित्य आणि इतिहास हे विषय ज्या व्यासपीठाच्या अंगवळणी पडले आहेत, तेथे उभे राहून मोबाइलमधील ॲपविषयी बोलणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यात आधारभूत किंमत खरेदी केंद्रावर धान घेतले जाणे हे सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदीवर अवलंबून असते आणि ती नोंद करण्याचे काम आता शेतकऱ्याच्या हातातील चार बोटे रुंदीच्या काचेवर येऊन ठेपले आहे, त्या जिल्ह्यात त्या काचेवरील रचना कोणी केली, कोणाला विचारून केली आणि ती लागू करण्यापूर्वी कोणाच्या हाती देऊन पाहिली, हे प्रश्न जमाबंदीच्या प्रश्नांइतकेच सार्वजनिक आहेत. माझे आजचे प्रतिपादन एवढेच आहे की, दप्तर जेव्हा सरकारी नोकराच्या हातून रयतेच्या हाती जाते, तेव्हा त्या नोकराच्या डोक्यातील जाण आपोआप त्याच्याबरोबर जात नाही. ती रचनाकाराने लोकांत बसून, पाहून आणि पारखून त्या ॲपमध्ये भरावी लागते, आणि ती नीट भरली गेली की नाही याचा निवाडा रचनाकाराने नव्हे, वापरणाऱ्याने द्यावयाचा असतो.

ही जाण कोणती, ते पाहण्यासाठी पीक पाहणीच्या जुन्या रीतीकडे क्षणभर वळावे लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ आणि त्याखालील १९७१ चे नियम यांच्यानुसार गाव नमुना बारा, म्हणजे आपण ज्याला पेरेपत्रक म्हणतो ते, तलाठ्याने शिवारात फिरून भरावयाचे असे. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आपल्याकडील वृद्ध मंडळी तलाठ्याला अजूनही पटवारीच म्हणतात. या पटवाऱ्याच्या कारभाराचे मी गोडवे गाणार नाही. शिवारात न जाता चावडीवर बसून गतवर्षीचेच पीक पुन्हा उतरवून काढण्याची खोड त्या दप्तराला होती, आणि तिच्यामुळे नुकसानभरपाईपासून पीककर्जापर्यंत कित्येकांचे हक्क बुडाले, हे सर्वश्रुत आहे. तथापि त्याच्यापाशी एक गोष्ट निश्चित होती. धुऱ्यावरची तूर कोणत्या रकान्यात घालावी, धान उभे असतानाच बांधीच्या ओलीवर फेकलेली लाखोळी कोणत्या हंगामात धरावी, पाण्याअभावी रोवणी राहून गेलेली बांधी पड म्हणावी की न म्हणावी, या गोष्टी शेतकऱ्याने त्याला आपल्या बोलीत सांगाव्यात आणि त्याने त्या सरकारच्या भाषेत उतरवाव्यात, असा तो दुभाष्या होता. छापील नमुना ताठर होता. पण त्याच्यापुढे बसलेला माणूस लवचीक होता, आणि नमुन्याची सारी अपूर्णता तो माणूस मुकाट्याने भरून काढीत होता.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा' या घोषवाक्यासह ही लेखणी खातेदाराच्या हाती आली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने महसूल विभागाने सिद्ध केलेल्या या योजनेचा हेतू निःसंशय लोकाभिमुख आहे: आपल्या शेतातील पिकाचा पहिला साक्षीदार शेतकरी स्वतःच असावा, ही कल्पना कोणत्याही लोकशाही दप्तराला भूषणावह आहे. परंतु हेतूची थोरवी रकान्यांना येत नाही. खाते क्रमांक, गट क्रमांक, हंगाम, पिकाचा वर्ग, पिकाचे नाव, क्षेत्र, जलसिंचनाचे साधन, लागवडीचा दिनांक आणि शेवटी छायाचित्र, असा हा क्रम. तो कार्यालयात बसून वाचला तर निर्दोष वाटतो. आता तोच क्रम लाखांदूर किंवा साकोली तालुक्यातील धानाच्या बांधीत उभे राहून वाचून पाहा.

लागवडीचा दिनांक विचारला आहे. धानाला दिनांक दोन: पऱ्हे टाकले तो एक आणि रोवणी झाली तो दुसरा, आणि दोहोंत तीन-चार आठवड्यांचे अंतर, कोणता लिहावा? क्षेत्र हेक्टर आणि आर यांत विचारले आहे; शेतकऱ्याचा हिशेब एकरात, आणि एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर हे गणित ऐन पावसात, भिजल्या बोटांनी, दशांश चिन्हासह करावयाचे. सिंचनाचे साधन निवडावयाचे आहे. पण ज्या बांधीला आषाढात पाऊस, भाद्रपदात मालगुजारी तलावाचा पाट आणि तोही आटला की शेजाऱ्याची बोअरवेल पाणी देते, तिचे साधन कोणते? या प्रश्नांत शेतकऱ्याचे अज्ञान कोठे आहे? तो थांबतो ते विषय कळत नाही म्हणून नव्हे. प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा त्याला विषय अधिक बारकाईने कळतो, म्हणून तो थांबतो.

२०२२ च्या खरिपात या ॲपची दुसरी आवृत्ती आली. केलेली नोंद अठ्ठेचाळीस तासांच्या आत दुरुस्त करण्याची मुभा, मिश्र पिकांत दुय्यम पिके नोंदविण्याची सोय, मदतीचे बटण आणि सरसकट तपासणीऐवजी दहा टक्के नोंदींचीच तलाठ्याकडून पडताळणी, असे बदल तीत झाले, आणि ते स्तुत्य होते. विशेषतः चूक दुरुस्त करण्याची मुभा ही केवळ सोय नव्हे. माणूस चुकणारच, हे गृहीत धरणारी ती एक नीती आहे. परंतु त्याच आवृत्तीत छायाचित्र गटाच्या मध्यबिंदूपासून किती अंतरावरून घेतले हे पाहणारी व्यवस्थाही आली. खोटी नोंद रोखण्यासाठी ती आवश्यक, हे मान्य. पण जो गट चार भावांत वाटला गेला आहे, त्याचा मध्यबिंदू थोरल्याच्या बांधीत आणि नोंद करणारा धाकटा दूरच्या कोपऱ्यात, असा प्रसंग आपल्याकडे घरोघरचा आहे. ही अडचण नकाशावर दिसत नाही; ती धुऱ्यावरून चालणाऱ्यालाच दिसते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो: दोष रचनेचा नाही, लोक अडाणी आहेत, त्यांना प्रशिक्षण द्या. या आक्षेपाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ जातीची विमाने धावपट्टीवर सुखरूप उतरत आणि उतरल्यावर वैमानिक चुकून चाके वर घेत, त्यामुळे विमान पोटावर आपटे. निष्णात वैमानिकांच्या या चुकीला 'वैमानिकाचा दोष' असे नाव देऊन प्रकरण मिटविले जाई. आल्फन्स चपानिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात बसून पाहिले, तेव्हा त्यास आढळले की चाकांची कळ आणि पंखांच्या झडपांची कळ या शेजारी-शेजारी असून हुबेहूब सारख्या आहेत. त्याने एका कळीला लहानसे रबरी चाक आणि दुसरीला पाचरीसारखा तुकडा बसविला, आणि ती चूक थांबली. वैमानिक तेच राहिले, त्यांचे प्रशिक्षणही तेच राहिले. बदलली ती कळ.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या राज्यातील हजारो अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत केले. त्यांची तक्रार दुहेरी होती: यंत्र निकृष्ट आणि अपुऱ्या क्षमतेचे, आणि 'पोषण ट्रॅकर' हे ॲप इंग्रजीत. वर्षानुवर्षे मराठीत नोंदवह्या बिनचूक ठेवणाऱ्या या स्त्रियांना एका ॲपने एका दिवसात अडाणी ठरविले. त्यांपैकी दहाजणींच्या हाती ते ॲप आधी देऊन कोणी तासभर शेजारी बसले असते, तर जी गोष्ट मोर्च्यांतून आणि न्यायालयापर्यंत जाऊन सांगावी लागली, ती त्या तासाभरात कळली असती.

आता हे शेजारी बसणे म्हणजे नेमके काय, याचा तपशील सांगतो. कारण त्याला एक शास्त्र आहे. जॉन गूल्ड आणि क्लेटन लुइस या आयबीएममधील संशोधकांनी १९८५ मध्ये त्याची तीन तत्त्वे मांडली: वापरणाऱ्यांची आणि त्यांच्या कामाची ओळख आरंभीच करून घ्यावी, कच्चा मसुदा त्यांच्या हाती देऊन प्रत्यक्ष वापर मोजावा, आणि आढळलेले दोष काढून पुन्हा तेच करावे. ही तत्त्वे ऐकताना इतकी उघड वाटतात की ती सांगावी लागू नयेत. पण त्याच संशोधकांनी रचनाकारांना त्यांची कार्यपद्धती विचारली, तेव्हा बहुसंख्यांच्या उत्तरांत ही तिन्ही एकत्र आढळली नाहीत.

परीक्षेची रीत अशी. खातेदाराला 'हे बटण दाबा' असे सांगावयाचे नाही. 'तुमच्या बांधीतले धान नोंदवा' एवढेच काम द्यावयाचे. मनात जे येईल ते मोठ्याने बोलत जाण्याची विनंती करावयाची, आणि मग आपण तोंड मिटून बसावयाचे. हे मौन सर्वांत कठीण. कारण ज्याने ते ॲप रचले, त्याची जीभ मदतीसाठी वळवळत असते, आणि त्याने एकदा जरी 'अहो, ते वरचे पाहा' म्हटले, की ती परीक्षा वाया गेली. कोठे बोट थबकले, कोठे मागे फिरले, कोणता शब्द दोनदा वाचला, 'झाले' असे कोणत्या क्षणी वाटले आणि तेव्हा नोंद खरोखर पोहोचली होती की फोनमध्येच पडून होती, हे टिपावयाचे. आणि प्रारंभीच निक्षून सांगावयाचे की, परीक्षा तुमची नाही, या ॲपची आहे. मजुरीचा दिवस बुडतो, तो भरून द्यावयाचा. आणि सरावासाठी नमुन्याचा सातबारा द्यावयाचा, त्याचा स्वतःचा नव्हे.

त्यासाठी माणसे किती लागतात? जेकब नील्सन आणि टॉमस लँडॉवर यांनी १९९३ मध्ये दाखविले की, एक माणूस सरासरीने सुमारे ३१ टक्के दोष उघडकीस आणतो. त्या हिशेबाने पाच माणसांत ८५ टक्क्यांच्या आसपास दोष सापडतात. म्हणून पंधरांची एक परीक्षा घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन घ्याव्यात आणि मधल्या काळात दुरुस्ती करावी, असा नील्सन यांचा सल्ला आहे. मात्र पाच म्हणजे एकाच प्रकारचे पाच. तुमसरचा बागायतदार, कोका अभयारण्याच्या कडेला रेंज शोधत टेकडी चढणारा लहान खातेदार, मुलाच्या फोनवर अवलंबून असणारी विधवा खातेदार आणि दृष्टी मंदावलेला वृद्ध, हे चार वर्ग आहेत. प्रत्येकाचे पाच घ्यावे लागतील. तरीही वीसच माणसे झाली! याखेरीज एक साक्षीदार कधीही वगळू नये: ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्राचा चालक. पटवाऱ्याचे दुभाष्याचे काम आज तोच करतो, आणि कोणता रकाना लोकांना अडवतो याची यादी त्याच्या जिभेवर असते.

ही रीत मराठीच्या बाबतीत फळाला आल्याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, पवई येथील आयआयटीच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलवर देवनागरी लिहिण्यासाठी 'स्वरचक्र' हा कळफलक सिद्ध केला. इंग्रजी टंकयंत्राच्या मांडणीवर मराठी अक्षरे बसविण्याऐवजी त्यांनी व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती चक्र उघडते आणि बोट ज्या दिशेला न्यावे ती मात्रा लागते. निरनिराळ्या मांडण्या लोकांच्या हाती देऊन, त्यांचा वेग आणि चुका मोजून हा गट पुढे सरकला. ज्याने आयुष्यात टंकयंत्र पाहिले नाही, त्यानेही शाळेत बाराखडी गिरवलेली असते. रचनाकाराने त्याला नवे शिकविण्यापूर्वी त्याला काय येते हे विचारले, यातच त्या कळफलकाचे यश आहे.

वेळ आणि पैसा यांची सबब पुढे केली जाईल. वीस माणसांच्या परीक्षेला पंधरवडा पुरतो. आणि नोंदीची मुदत हंगामामागून हंगाम वाढवावी लागते, तेव्हा प्रत्येक मुदतवाढीचा खर्च कोणाच्या खाती पडतो? २०२४-२५ मध्ये साधारण धानाचा आधारभूत दर क्विंटलला २,३०० रुपये होता. एका चुकलेल्या रकान्यामुळे ज्याचे धान केंद्रावर घेतले गेले नाही, त्याने ते व्यापाऱ्याला पडत्या भावाने दिले, आणि त्या फरकात परीक्षेचा खर्च शेतकऱ्याने आपल्या खिशातून आधीच भरला.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने आपल्याला सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क दिला आहे आणि ती न मिळाल्यास अपिलाची तरतूदही केली आहे. परंतु अर्जच जेथे पुरा भरता येत नाही, तेथे मुदत सुरूच होत नाही आणि अपिलाला विषयच उरत नाही. म्हणून माझी सूचना अशी: लोकांनी स्वतः वापरावयाच्या प्रत्येक सरकारी ॲपच्या निविदेत एक कलम असावे. किमान दोन निरनिराळ्या भूप्रदेशांतील खातेदारांकडून, त्यांच्याच फोनवर आणि त्यांच्याच शेतात परीक्षा घेतल्याचा अहवाल, किती जणांना काम कोणाच्याही मदतीशिवाय पुरे करता आले या आकड्यासह, देयक मंजूर होण्यापूर्वी सादर व्हावा आणि जाहीर व्हावा. पुलाच्या कामात भारचाचणीचा दाखला मागणाऱ्या शासनाला हे कलम जड नाही.

आणि कलम येईपर्यंत आपणही हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात सात तालुके आहेत आणि महाविद्यालये आहेत. त्यांतील विद्यार्थ्यांनी येत्या खरिपात पाच-पाच खातेदारांच्या शेजारी गप्प बसून जे दिसेल ते लिहून काढावे, आणि ते टिपण जिल्हाधिकारी कार्यालयात रुजू करून पोच घ्यावी. 'ॲप चालत नाही' या तक्रारीला उत्तर देणे कोणत्याही कार्यालयाला सोपे असते. 'वीसपैकी चौदा जण लागवडीच्या दिनांकापाशी थांबले' अशी तक्रार जर पुढे आली, तर ती फाइल बंद करणे सोपे जाणार नाही.