एका घरातल्या दोन भाषा



‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपण सगळ्यांनीच ऐकला आहे. इंदूरच्या शाळेत मुलं मला ‘दक्षिणी’ म्हणत. सुट्टीत पुण्याला मामाकडे गेलो, की भाजीला ‘सब्जी’ म्हटलं म्हणून भावंडं हसत. दोन्हीकडे मी पाहुणाच. पुढे लिहू लागलो, तेव्हा कोणत्या भाषेत लिहावं याचाच पेच पडला.

त्या वेळी मला मुक्तिबोधांच्या घराचा आधार वाटला. हे कुटुंब खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात येऊन स्थायिक झालेलं. गजानन माधव १९१७ साली श्योपूरला जन्मले, इंदूरच्या होळकर कॉलेजात शिकले. घरची भाषा मराठी. पण ते हिंदीत लिहू लागले, १९४३च्या ‘तार सप्तक’मध्ये आले आणि हिंदीतले थोर कवी ठरले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. ‘नवी मळवाट’ हा त्यांचा कवितासंग्रह १९४९चा. त्यांच्या समीक्षाग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. मराठीत लिहिणाऱ्या या भावाने आपल्या कादंबरीला नाव दिलं ‘क्षिप्रा’. ती उज्जैनची नदी. म्हणजे मराठीत लिहिण्यासाठी माळव्याकडे पाठ फिरवावी लागत नाही, आणि हिंदीत लिहिलं म्हणून घर सुटत नाही. आपण इथलेच आहोत, आणि मराठीही इथलीच आहे.

आता एक कबुली देतो. माझी नात हिंदीत कथा लिहिते, चांगल्या लिहिते. लहानपणी तिने एक निबंध मराठीत लिहिला होता. मी शिक्षक, लाल पेन घेऊन बसलो. ‘सब्जी’ खोडली, हिंदी वळणाची वाक्यं खोडली. त्यानंतर तिने मराठीत काही लिहिलं नाही. मामाकडे मला जे सोसावं लागलं, तेच मी तिला दिलं.

तिने हिंदी निवडली याचं मला दुःख नाही. मुक्तिबोधांच्या घरात दोन्ही भाषांना जागा होती; माझ्या घरात मीच एक दार लावून घेतलं, याचं दुःख आहे.

शिक्षकमित्रांना म्हणूनच एवढी विनंती: मूल माळव्याच्या मराठीत लिहीत असेल, तर आधी ते काय सांगतंय ते शेवटपर्यंत वाचा. शुद्धलेखन मागाहून शिकवता येतं.