काटकसर कुणाच्या ताटातून?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात 'घरखर्च आणि काटकसर' या विषयावर झालेलं भाषण)



संयोजकांनी विषय दिला 'घरखर्च आणि काटकसर', आणि वर बजावलं की जेवणाच्या आधीचं भाषण आहे, तेव्हा वेळेचीही काटकसर करा. मी प्रयत्न करते.

खरं तर नगरच्या माणसाला काटकसर सांगणं म्हणजे सुगरणीला फोडणी शिकवण्यासारखं आहे. आपला बराचसा जिल्हा कमी पावसाचा. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं आज या सभेत बसली आहेत. रेशनवरची लाल मिलो, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी आणि खडी फोडून सोललेले हात त्यांनी पाहिले आहेत. त्या पिढीनं सुतळीचा तुकडा कधी टाकला नाही, आणि पुढे दुधाच्या पिशव्या आल्या तेव्हा त्याही धुऊन वाळवून ठेवल्या. त्यामुळे 'काटकसर करा' एवढंच सांगायला मी उभी नाही. मला एक प्रश्न विचारायचा आहे. घरात काटकसर होते तेव्हा ती नेमकी कुणाच्या ताटातून होते?

आठवून बघा. महिनाअखेर आली, पैसे कमी पडले. मुलांचा क्लास थांबत नाही. गाडीचं पेट्रोल थांबत नाही. फोनचं रिचार्ज तर मुळीच थांबत नाही. मग थांबतं काय? आईच्या चष्म्याचा नंबर बदलायचा असतो, तो 'पुढच्या महिन्यात बघू' होतो. आजोबांच्या कानाच्या मशीनचा सेल संपलेला असतो, ते गप्प बसतात. भाजी कमी असली की वाढणारी बाई शेवटी बसते आणि लोणच्याबरोबर भाकरी खाऊन उठते. कुणी तिला तसं सांगितलेलं नसतं. पण हिशोब तिथेच जुळवलेला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं दिसतं. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी जेवणारी बाई हे त्यातलं एक आपल्याच स्वयंपाकघरात आहे.

अशा घराला आपण कौतुकानं 'फार काटकसरीनं संसार केला हो' असं म्हणतो. मला म्हणायचंय ते इतकंच की काटकसर मोजून, सांगून आणि सगळ्यांमध्ये वाटून झाली पाहिजे. एकानं मुकाट्यानं सोसली तर घराला ती बचत वाटते आणि त्या माणसावर मात कर्ज चढत जातं.

याचं चांगलं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. नगर तालुक्यातच हिवरे बाजार आहे. आपल्यातले बरेच जण सहलीला जाऊन आलेत. तिथे सगळे बंधारे, चर आणि झाडं पाहतात. मला मात्र तिथली एक वही महत्त्वाची वाटते. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पाणी अडवण्याचं काम तर गावानं केलंच, पण त्याहून अवघड काम पुढचं होतं. अडवलेलं पाणी वापरायचं कसं, हे गावानं ठरवलं. गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा जमाखर्च मांडतात. आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी, मग घरवापर, आणि उरेल त्यावर शेती. पाऊस कमी झाला तर कोणती पिकं घ्यायची नाहीत, ते सगळ्यांसमोर ठरतं. ऊस आणि केळीसारख्या पाणी पिणाऱ्या पिकांवर बंदी, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी. आणि हे नियम ज्याच्याकडे दोन एकर आहे त्याला आणि ज्याच्याकडे वीस एकर आहे त्यालाही लागू.

ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, जिथे ऊस म्हणजे पत आणि प्रतिष्ठा, तिथे एका गावानं उसाला नाही म्हणायचं ही साधी गोष्ट नव्हे. ते जमलं, कारण आकडा सगळ्यांना माहीत होता आणि झळ सगळ्यांनी सारखी घेतली. हिवरे बाजारची ही रीत आपल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात आणायची तर तीन गोष्टी कराव्या लागतील.

पहिली गोष्ट, पाऊस मोजायचा. म्हणजे घरात किती पैसे येतात हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. आपल्याकडे अजून अशी घरं आहेत जिथे नवऱ्याचा पगार बायकोला अंदाजानं ठाऊक असतो आणि बायकोची भिशी नवऱ्याला अजिबात ठाऊक नसते. बारा वर्षांच्या मुलालाही घरचा आकडा सांगायला हरकत नाही. मुलं आकड्याला घाबरत नाहीत. 'आपल्याला परवडत नाही' हे आईनं चिडून सांगितलेलं वाक्य त्यांना जास्त लागतं.

दुसरी गोष्ट, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं. आपण म्हणतो, 'अचानक खर्च आला.' जरा वही काढून बघा. शाळेची फी दर जूनला येते. दिवाळी दरवर्षी येते. घरपट्टी, विमा, गाडीची सर्व्हिसिंग, उन्हाळ्यात भरायचं वर्षाचं धान्य आणि मसाला, यातलं अचानक काय आहे? समजा, एका घरात वर्षाची फी २४,००० रुपये, विमा १२,०००, गाडी ६,०००, घरपट्टी ६,०००, सणवार १२,००० आणि धान्य-मसाला १८,०००. बेरीज झाली ७८,०००. बारानं भागा, महिना ६,५०० रुपये. त्या घरात ४०,००० येत असतील तर खर्चायला ३३,५०० च आहेत. ते ६,५०० पहिल्या तारखेलाच वेगळ्या खात्यात टाकायचे. जूनमध्ये उसने मागायची किंवा सोनं गहाण ठेवायची वेळ बऱ्याच अंशी इथेच टळते.

हे बाजूला काढलेले पैसे ठेवताना एक लक्षात असू द्या. बँकेतल्या ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, दर ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याज धरून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. अर्धा टक्का जास्त व्याज मिळतं म्हणून सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवू नका. आणि क्रेडिट कार्डावरची 'किमान रक्कम' भरून सुटलो असं समजू नका. महिना साडेतीन टक्के ऐकायला बारीक वाटतं, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. 'बिनव्याजी हप्ता' म्हणतात त्यातही व्याज कुठेतरी लपलेलं असतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना अशा शून्य टक्के योजनांबद्दल बजावलं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. कपात कशात करायची ते एकत्र बसून ठरवायचं, आणि प्रत्येक कपातीपुढे माणसाचं नाव लिहायचं. 'भाजी कमी' असं नुसतं लिहायचं नाही. कुणाची भाजी कमी? 'प्रवास कमी' म्हणजे कुणाचा? बाबांची आठवड्याची बाहेरची मिसळ की आईचं वर्षातून एकदा माहेरी जाणं? यादी अशी लिहिली की घरातल्यांचे चेहरे बदलतात. एकाच नावापुढे चार कपाती दिसल्या की मुलंसुद्धा म्हणतात, 'अगं आई, हे बरोबर नाही.' तेवढं झालं तरी पुष्कळ झालं.

यात वस्तूंची काटकसर करायला भरपूर जागा आहे, आणि तिची झळ कुणालाच लागत नाही. साठ वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास लागला तर महिन्याला ९ युनिट खातो, ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही खात नाही. डाळ आणि हुलगे आधी भिजवले तर गॅस कमी लागतो. घरातले शेंगोळे हॉटेलच्या कुठल्याही पदार्थापेक्षा स्वस्त आणि पोटाला चांगले. उरलेल्या पोळीचा मलिदा मुलं मागून खातात. फोनवर बोट टेकवलं की वस्तू दारात येते, म्हणून एक नियम करा: आज आवडलेली वस्तू तीन दिवसांनी मागवायची. बहुतेक वस्तू तीन दिवसांत विसरायला होतात. मुळा धरणातून विळदमार्गे आपल्या टाकीपर्यंत येणारं पाणी किती मोलाचं आहे ते सावेडीकरांना सांगायला नको. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्री तांब्या ठेवा आणि सकाळी बघा.

मात्र काही ठिकाणी काटकसर करायचीच नाही. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलायची, त्यात पैसे वाचवायचे नाहीत. हेल्मेट, बीपीच्या गोळ्या, डोळ्यांची तपासणी यात वाचवलेला रुपया पुढे दवाखान्यात शंभर होऊन जातो. चालढकल आणि काटकसर या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, पण नातं काही नाही.

हे सगळं घराबद्दल झालं. पण आज आपण इमारतीची पंचविशी साजरी करतोय आणि सोसायटी म्हणजे शेवटी एक मोठं घरच. तिथेही हाच प्रश्न आहे. 'मेंटेनन्स वाढवू नका' असं आपण दर वार्षिक सभेत टाळ्या वाजवून मंजूर करतो. ही काटकसर कुणाच्या ताटातून होते? वरच्या मजल्यावर ज्यांचं छत गळतं त्यांच्या. लिफ्ट बंद पडल्यावर गुडघे धरून जिना चढणाऱ्या काकूंच्या. आपल्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड सांगितलेत ते याचसाठी. दुरुस्ती निधी वर्षाला फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का. समजा, फ्लॅटचा बांधकाम खर्च ४ लाख धरला, तर दुरुस्तीचे वर्षाला ३,००० आणि सिंकिंगचे १,०००. दोन्ही मिळून महिन्याला साधारण ३३५ रुपये. बाहेर एकदा सहकुटुंब जेवलो तर यापेक्षा जास्त बिल होतं. हे दर महिन्याला भरलं तर रंगकामाच्या वर्षी प्रत्येकाकडे एकदम पन्नास हजार मागायची वेळ येत नाही. आणि एकदम मागितले की त्रास कुणाला होतो? पेन्शनवरच्या आजोबांना, आणि ज्यांचा गृहकर्जाचा हप्ता नुकताच सुरू झालाय त्या पोरांना.

आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचं नाव आहे. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत १७२५ साली जन्मलेल्या या बाईनं देशभर घाट बांधले, मंदिरं उभारली. पण त्यातला बराचसा खर्च त्यांनी खासगीतून केला. राज्याचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. दोन्हींचे हिशोब वेगळे आणि चोख. नाव मिळालं आहे, आता वहीसुद्धा उचलू या.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. कार्यकारिणीला विनंती, की वर्षाचा जमाखर्च एका पानावर, मोठ्या अक्षरात, लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावा. पुढच्या पाच वर्षांत कोणतं काम केव्हा निघेल आणि त्याला किती लागतील तेही त्याच पानावर लिहा. आणि घरोघरी विनंती, की येत्या रविवारी जेवणं झाली की टीव्ही बंद करून अर्धा तास बसा. कागदाला तीन रकाने पाडा: आले किती, बाजूला किती, कपात कुणाची. तिसऱ्या रकान्यात ज्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा येईल, त्याचं एक राहून गेलेलं काम पुढच्या महिन्यात सगळ्यात आधी करा. चष्मा असेल, तपासणी असेल, माहेरची फेरी असेल.

आता जेवणाची पानं मांडली आहेत. वाढणाऱ्या मंडळींनाही आज आपल्याबरोबर पहिल्याच पंगतीत बसू द्या, वाढायचं काम पुरुषमंडळी आणि मुलं मिळून करू द्या. एवढं बोलून थांबते.