पडदा उत्तर देतो, प्रश्न कोण विचारणार?

(देवगाव फाटा येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



फाट्यावर उभा राहून बोलतोय. इथून रस्ते फुटतात. शिक्षणालाही असाच फाटा फुटलाय. एकीकडं टॅब, कोडिंग, 'समस्या सोडवण्याचं कौशल्य'. दुसरीकडं आपलं पोरगं.

२०२१ साली, शाळा बंद असताना, ज्याँ द्रेझ आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्र धरून पंधरा राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली. खेड्यातल्या दलित-आदिवासी पोरांत नियमित ऑनलाइन शिकणारी किती? शंभरात चार. खेड्यातल्याच इतर पोरांत पंधरा. जुनी वेस दगडाची होती. ही रेंजची आणि रिचार्जची.

मग टॅब वाटले की झालं? नाही. पेरू देशानं लाखो पोरांना लॅपटॉप वाटले. २०१२ च्या अभ्यासात दिसलं, गणित आणि भाषा जिथल्या तिथं. उलट दिल्लीत संगणकावर शिकून पोरांचं गणित सुधारलं, तो अभ्यास २०१९ साली छापून आला. तिथं धडा इयत्तेपासून नाही, पोराला जेवढं येतं तिथून सुरू व्हायचा. म्हणजे यंत्र देव नाही, सैतानही नाही. ते कुणाला डोळ्यापुढं ठेवून चालवलंय, एवढाच सवाल.

आता अवघड प्रश्नांचं बघा. जर्मनीत डीट्रिख ड्योर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं संगणकात लोहाउझेन नावाचं खोटं शहर उभं केलं. माणसांना सांगितलं, दहा वर्षं महापौर होऊन कारभार करा. शिकलेसवरलेलेही शहर बुडवून बसले. तरले कोण? 'हे असं का?' जे जास्त विचारत होते आणि स्वतःचा अंदाज तपासून बघत होते, ते.

'का?' मित्रहो, हाच शब्द उच्चारायची आपल्या बापजाद्यांना बंदी होती.

आपल्या पोरांत डोकं नाही म्हणणाऱ्यांना मुंबईनं कधीच उत्तर दिलंय. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या व्ही. जी. कुलकर्णी आणि आगरकर यांनी १९८० नंतर महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केलं. अडसर डोक्याचा निघाला नाही. मोठा अडसर होता पुस्तकी भाषेचा. भाषा सोपी केली, बोलायला संधी दिली, पोरं पुढं सरकली.

तेव्हा कौशल्य परदेशातून आणायचं कारण नाही. कोयत्यावर जाणाऱ्या आईबापाचा हिशोब घ्या. उचल किती घेतली, टनाला भाव काय, मुकादमाचं कमिशन किती, खाडे किती कापले? हंगाम संपला तरी उचल का फिटत नाही? याच्याइतकं गुंतागुंतीचं गणित कुठल्या अ‍ॅपात आहे?

एकच काम सांगतो. शहरात शिकणाऱ्यांनो, सुट्टीला गावी आलात की फोन घेऊन विहारात बसा. मध्ये एक फोन, भोवती पाच पोरं, समोर घरचा खरा हिशोब. आकडेमोड फोनला करू द्या. प्रश्न पोरांना विचारू द्या. चुकू द्या. आपल्या बोलीत भांडू द्या.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते मराठवाड्यात नुसती बटणं दाबणारी माणसं तयार करायला नाही. ज्या दिवशी वस्तीतली पोरगी मुकादमाला चिठ्ठी दाखवून विचारेल, 'काका, हे खाडे कसे धरले?' त्या दिवशी तिचा निकाल लागला समजा.

जय भीम.