जेरुसलेम : स्मृतींचा संघर्ष



जेरुसलेमच्या ज्या चौथऱ्यापायी आजही रक्त सांडते, त्याचा विस्तार अवघा सुमारे 35 एकर आहे. तेथील वाद केवळ भूमीचा असता तर तो केव्हाच मिटला असता. तो स्मृतींचा वाद आहे.

ज्यूंचे पहिले मंदिर इ. स. पू. 586 च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्याने उद्ध्वस्त केले, दुसरे इ. स. 70 मध्ये रोमन सेनापती टायटसच्या सैन्याने जाळले. पुढे सम्राट हेड्रियनने ज्यूंना नगरप्रवेश निषिद्ध केला आणि नगराचे नावही बदलले. राज्य गेले, मंदिर गेले. स्मृती मात्र गेली नाही. ज्यू विवाहात वर काचेचा पेला फोडतो, तो त्या विध्वंसाच्या स्मरणार्थ. कोकणात तेलाचे घाणे चालवून शनिवार पाळणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्रायल याच परंपरेचे. येथे त्यांचा छळ झाला नाही. तरीही 1948 नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. स्मृतीची ओढ अशी असते!

पण त्याच चौथऱ्यावर इ. स. 691-92 मध्ये खलिफा अब्द अल-मलिकने सुवर्णघुमटाची वास्तू पूर्ण केली. शेजारी अल-अक्सा मशीद. प्रेषितांचे स्वर्गारोहण येथूनच झाले, ही मुसलमानांची श्रद्धा. तीही तेराशे वर्षांची आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जून 1967 मध्ये इस्रायलने हे स्थान जिंकले. संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी काय केले? दैनंदिन व्यवस्था इस्लामी वक्फकडेच ठेवली. ज्यूंना प्रवेश मिळाला, प्रार्थनेचा अधिकार नाही. विजेत्याने आपल्या परमपवित्र स्थानी असा संयम पाळल्याची उदाहरणे इतिहासात विरळाच. त्या संयमाचे चीज झाले काय? जुलै 2000 मध्ये कॅम्प डेव्हिड येथे एहूद बराक व यासर अराफत समोरासमोर बसले. सीमा, निर्वासित हे प्रश्न अवघड होतेच. पण या चौथऱ्याच्या स्वामित्वावर बोलणी विशेष अडली. मंदिर येथे नव्हतेच, असा पवित्रा अराफत यांनी घेतल्याचे अमेरिकी वाटाघाटीकार डेनिस रॉस यांनी नोंदविले आहे. दुसऱ्याचा इतिहासच नाकारला की तडजोड कशावर करायची?

दोनच महिन्यांनी एरियल शेरॉन त्या चौथऱ्यावर गेले आणि दंगली पेटल्या. त्या उठावाला पॅलेस्टिनींनी नाव दिले अल-अक्सा इंतिफादा. आणि 7 ऑक्टोबर 2023 च्या भीषण हल्ल्याला हमासने दिलेले नावही त्याच स्थानाचे होते : ‘अल-अक्साचा पूर’.