नाव लागायला पैसे लागत नाहीत



घरातलं माणूस गेलं की तेरा दिवस दारात गर्दी असते. त्यानंतर बाईच्या फेऱ्या सुरू होतात त्या तलाठी कार्यालयाच्या. सातबारावरून नवऱ्याचं नाव कमी करून तिचं आणि मुलांचं नाव लावायचं असतं. याला वारस नोंद म्हणतात. आज तिच्याविषयी बोलू, कारण आमच्याकडे येणाऱ्या बायका एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात : "नाव लावायचे पैसे पडतात म्हणाले."

कुणी त्यासाठी शेळी विकली, कुणी बचत गटातून उचल घेतली. पैसे मागणारे दरवेळी तलाठी भाऊसाहेबच असतात असं नाही. बाहेरच्या टेबलाशी एक माणूस बसलेला असतो. तो सरकारी नोकर नाही, पण दप्तर त्याच्या हातात. लोक त्याला 'झिरो तलाठी' म्हणतात. तो म्हणतो, "वहिनी, वर सर्कलसाहेबांनाही द्यावं लागतं." नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेली बाई तिथं काय घासाघीस करणार?

म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवूया. वारस नोंदीला सरकारी फी नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, जमिनीतला आपला हक्क भाऊसाहेब देत नाहीत. माणूस गेला त्या क्षणी कायद्याने तो हक्क वारसांना मिळतो. फेरफार ही फक्त त्याची नोंद. जे आपलंच आहे, ते आपल्याला विकत दिलं जातंय.

आता कामाची रीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९. मृत्यूनंतर ३ महिन्यांच्या आत वारसांनी तलाठ्याला कळवायचं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. अर्जाला मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं. वारसांत वाद नसेल तर कोर्टाचा वारस दाखला लागत नाही. तो लागेल म्हणून घाबरवणं ही जुनी युक्ती आहे. नावं आधी वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये चढतात. मग फेरफार धरला जातो, चावडीवर लागतो, सगळ्यांना नोटीस जाते. १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल, नोंद मंजूर करतात.

या सगळ्यात एक कागद सर्वात महत्त्वाचा : पोच. अर्ज दिला की तारीख घातलेली लेखी पोच देणं तलाठ्यावर बंधनकारक आहे. पोच नसेल तर "तुमचा अर्जच आला नाही" असं वर्षभर ऐकावं लागतं. पोच असली की दिवस मोजता येतात, तहसीलदारांकडे तक्रार करता येते, माहितीचा अधिकार वापरता येतो. ई-हक्क या सरकारी प्रणालीवर ऑनलाइन अर्ज केला तर अर्जाचा क्रमांक मिळतो. घरात मोबाइल चालवणारी मुलगी असेल तर तिच्याकडून करून घ्या.

दुसरा प्रकार आम्हाला लाचेपेक्षा वाईट वाटतो. तिथं बाईकडे कुणी पैसे मागत नाही. पैसे दुसरीकडून पोचलेले असतात. दीर जाऊन भेटून येतो, आणि वारसांच्या यादीतून वहिनीचं नाव गळतं. मुलीच असतील तर त्यांचीही नावं गळतात. कधी थोरल्याचं एकट्याचं नाव लागतं आणि पुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, असा शेरा येतो. कधी बहिणींची नावं मालकाच्या रकान्याऐवजी 'इतर हक्क' मध्ये टाकतात. कधी "पेन्शनचा कागद आहे" म्हणून सही घेतात आणि तो निघतो हक्कसोडीचा.

हिंदू वारसा कायदा १९५६ सांगतो, मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याच्या हिश्शाला बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई असे सगळे सारखे वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. इतर धर्मांचे वारसा नियम वेगळे आहेत, पण विधवेचा वाटा त्यांतही आहे. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. साध्या कागदावरच्या सहीने वाटा जात नाही. तरी वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि वाचता येत नसेल तर वाचणारं माणूस आपलं असू द्या.

सातबारावर नाव नसलं तर काय अडतं? पीक कर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई, सगळंच. २०१८ साली महिला किसान अधिकार मंचाने मराठवाडा-विदर्भातल्या ५०५ शेतकरी आत्महत्याग्रस्त घरांतल्या बायकांची पाहणी केली. त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क सुमारे ४० टक्के जणींना मिळालेला नव्हता. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मृतांची नावं काढून वारसांची लावायला. मोहीम चांगली. पण मोहिमेतही यादी गावातच होते. त्यामुळे यादी आपण डोळ्यांनी पाहायची.

सगळेच अधिकारी खाणारे नसतात. एकेका तलाठ्याकडे तीन-चार गावं असतात, तरी घरी येऊन नोंद करून देणारे भाऊसाहेबही आम्ही पाहिलेत. म्हणून आधी सरळ जायचं. एकटीनं मात्र नको. गटातल्या दोघी बरोबर घ्या.

नाव गळलंच तर फेरफार मंजूर झाल्याचं कळल्यापासून ६० दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं. पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर लक्षात ठेवा : १०६४. फोनला पैसे पडत नाहीत. ते आधी मागणीची पडताळणी करतात, मग सापळा लावतात. "आपलं काम कायमचं अडेल" ही भीती आम्हाला कळते. पण हेही माहीत हवं की २०१८ पासून लाच देणं हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली, तर ७ दिवसांच्या आत कळवलं की देणारी सुटते.

तर या आठवड्यात एवढं करा. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाचा सातबारा काढा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्यावर कुणाची नावं आहेत, कुणाची नाहीत, ते मोठ्याने वाचा. शेजारणीलाही तिचा काढायला सांगा. काही अडलं तर उतारा घेऊन आमच्याकडे या, अर्ज लिहायला आम्ही बसू.