खाटेवरचा वृद्ध रुग्ण आणि आभासी वास्तव



ऐंशीच्या घरातला माणूस ज्या आजारासाठी रुग्णालयात दाखल होतो, त्यातून तो पुष्कळदा बरा होतो. परंतु घरी परतताना स्वतः आंघोळ करण्याची किंवा शौचालयापर्यंत चालत जाण्याची शक्ती गमावून बसलेला असतो, आणि या नुकसानीत आजाराइतकाच खाटेचाही हात असतो. वैद्यकाला हे नवे नाही. इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून खाटेला खिळलेल्या वृद्धांना तपासून, उठवून, चालते करण्याचे काम हाती घेतले, तर १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पडून राहण्याचे धोके एकेका अवयवाच्या संदर्भात मांडले. पुढे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना १० दिवस खाटेवर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचे वजन सरासरी सुमारे १ किलोने घटल्याचे आढळले. धडधाकट माणसाची ही गत, तर न्यूमोनियाने आधीच खंगलेल्या रुग्णाची काय होत असेल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

अशा रुग्णाच्या अवस्थेला वैद्यकात फ्रेल्टी म्हणतात. निव्वळ वाढलेले वय म्हणजे फ्रेल्टी नव्हे; शरीराची राखीव शक्ती इतकी घटलेली असणे, की साध्या तापानेही सगळा तोल ढासळावा, असा तिचा अर्थ होतो. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे निश्चित केली: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, सैल पडलेली हाताची पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक लक्षणे आढळली की ती व्यक्ती फ्रेल मानली जाते. यांतली बहुतेक लक्षणे व्यायामाने सुधारू शकतात, ही या विषयातली सर्वांत आशादायक बाब होय.

स्पेनमधील पाम्प्लोना येथे ७५ वर्षांवरील ३७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती आशा रुग्णालयातच खरी करून दाखवली. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाची दैनंदिन कामे करण्याची क्षमता दाखल होतानाच्या तुलनेत खालावली. दिवसातून दोनदा भार, तोल आणि चालणे यांचा माफक व्यायाम केलेल्या गटाची मात्र सुधारली, आणि हा फरक अवघ्या पाच ते सात दिवसांच्या व्यायामाने पडला.

मग आभासी वास्तवाची गरज कोठे उरते? संगणकाने निर्माण केलेले त्रिमितीय दृश्य डोळ्यांवरच्या हेडसेटमधून असे दाखवायचे, की पाहणाऱ्याला आपण त्या दृश्याच्या आतच आहोत असे वाटावे, हे या तंत्राचे सार आहे. रुग्णाला व्यायाम नको असतो तो बहुधा आळसाने नव्हे, तर वेदना, पडण्याची धास्ती आणि वॉर्डातला रटाळ दिवस यांमुळे. वेदनेच्या बाबतीत हे तंत्र काय करू शकते, हे वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी घडवलेल्या हिमप्रदेशाच्या आभासी खेळाने दाखवून दिले: लक्ष दृश्यात गुंतले की वेदनेकडे जाणारे लक्ष तेवढे कमी होते. मात्र स्नायू बळकट होतो तो त्याच्यावर पडलेल्या भाराने. डोळ्यांपुढे कितीही सुंदर बाग फुलली, तरी खुर्चीतून उठण्याचे कष्ट गुडघ्यांनाच घ्यावे लागतात. पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनावरील ७२ चाचण्यांचा २०१७ मधील कॉक्रेन आढावाही याच दिशेला बोट दाखवतो. नेहमीच्या उपचाराऐवजी आभासी वास्तव वापरल्याने हाताच्या कार्यात विशेष लाभ दिसला नाही. नेहमीच्या उपचारात त्याची भर घातली, तेव्हा लाभ दिसला. अर्थात त्या लाभात उपचाराच्या वाढीव वेळेचाही वाटा असणार, हे विसरता कामा नये.

प्रत्यक्ष वॉर्डात या तंत्राचे यश फार साध्या गोष्टींवर अवलंबून असते. चष्मा आणि श्रवणयंत्र सांभाळून हेडसेटचा पट्टा बसवावा लागतो. सलाईनची नळी उंचावलेल्या हाताच्या आड येणार नाही, हे पाहावे लागते. खुर्चीची चाके अडकवावी लागतात. डोळ्यांना गती दिसते पण कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही, या विसंगतीने मळमळ आणि गरगर होऊ शकते, म्हणून पहिली सत्रे बसूनच आणि काही मिनिटांपुरतीच घ्यावीत. ज्याला डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणारा मानसिक संभ्रम, झालेला आहे, त्याच्यापुढे दुसरे जग उभे करणे सहसा टाळणेच श्रेयस्कर.

महाराष्ट्रातील वॉर्डांत आणखी एक अडचण प्रेमाच्या रूपाने उभी असते. उशाशी बसलेली मुलगी “बाबा, उठू नका, मी देते” म्हणते, कारण आजाऱ्याला पडून राहू देणे हीच सेवा, असे पिढ्यान्पिढ्या मानले गेले आहे. तिला दोष देऊन काही साधत नाही. बाबांनी आभासी अंगणातला चेंडू पकडण्यासाठी हात उंचावला आणि त्या ओघात पाठ खुर्चीपासून सुटली, हे तिने स्वतः पाहिले, तर दुपारी त्यांना आधार देऊन उभे करण्याचे काम तीच आपणहून करू शकते.

वयोवृद्ध रुग्णांवरील या तंत्राचे अभ्यास अजून आकाराने लहान आहेत आणि पुढचे अभ्यास आज फिजिओथेरपीची पदवी स्वीकारणाऱ्या स्नातकांच्या पिढीला करावे लागतील. त्यांत रुग्णाला खेळ किती आवडला, एवढेच नोंदवून भागणार नाही. तोल, चालण्याचा वेग आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठणे यांवर १२ पैकी गुण देणारी एक साधी चाचणी उपलब्ध आहे. तिला एक खुर्ची, एक घड्याळ आणि चार मीटरची मोकळी जागा पुरते. ती दाखल होताना आणि घरी सोडताना, अशी दोन्ही वेळा घेतली जावी, आणि हेडसेट विकत घेण्याचा ठराव करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाकडे या स्नातकांनी आधी त्या दोन आकड्यांची मागणी करावी.