खासगीतलं दान
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात कळंब येथे केलेले भाषण)

 

शंभर वर्षांत या दिंडीला कोणी काय दिलं, ते सांगायचं काम माझ्याकडं आलं. म्हणून वर्गणीच्या जुन्या वह्या चाळल्या. पानोपानी पुरुषांचीच नावं. बाईचा उल्लेख आलाच, तर 'अमक्याची मंडळी' एवढाच.

एका पानावर माझ्या वडिलांचं नाव आहे. पुढं नोंद आहे, 'वरणाचा मोठा गंज.' माउली, आज चिंतामणीच्या गावात उभा राहून खरं सांगतो. तो गंज माझ्या आईनं हातातले चांदीचे गोठ मोडून घेतला. मला ठाऊक होतं. तरी मी कधी बोललो नाही.

आपण पंढरीला जातो तेव्हा होळकर वाडा पाहतो. तो अहिल्याबाईंचा. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० साली पुन्हा उभं केलं. घाट, विहिरी, धर्मशाळा तर देशभर. पण लक्षात ठेवायची गोष्ट निराळीच आहे. राज्याची तिजोरी वेगळी आणि खासगी वेगळी, हा हिशेब त्यांनी पाळला. दानधर्म खासगीतून केला. खासगी म्हणजे स्वतःच्या हक्काचा पैसा. स्वतःचं असेल तेच दान देता येतं. रयतेच्या पैशावर पुण्य मिळवायचं नसतं.

आता आपल्या शेजारच्या वर्ध्याकडं या. जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवी बजाज. गांधीजींचा विचार पटला, तशी या माउलीनं अंगावरचं सोनं उतरवून ठेवलं. पुढं विनोबांच्या भूदानात गरिबाला जमीन मिळू लागली. पण पाण्यावाचून जमीन काय पिकणार? आपल्या कोरडवाहू मुलखात हे कोणाला सांगायला नको. जानकीदेवींनी कूपदानाचं काम अंगावर घेतलं. भूमीसाठी विहीर मागायची. १९५६ साली सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं.

या दोघींची नावं राहिली, कारण त्या मोठ्या घरच्या होत्या. आपल्या बायांची खासगी म्हणजे पदराची गाठ. कापूस वेचणीचे पैसे, अंड्यांचे पैसे, माहेरचं एखादं डोरलं. तेवढ्यातूनच ही दिंडी जेवली.

मागच्या वर्षी एक म्हातारी बाई वर्गणी घेऊन आली. मी सवयीनं तिच्या मालकाचं नाव लिहायला लागलो. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "माह्या नावानं लिवा, बुवा. वेचणी म्या केली."

तिनं मला शहाणं केलं. म्हणून मंडळींपुढं विनंती मांडतो. यंदापासून देणाऱ्या बाईचं नाव वहीत तिच्याच नावानं लागावं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मागच्या पिढ्यांतली नावं आणून द्यावी. मी आईच्या नावापासून सुरुवात केली आहे.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!